खांबेट्यांची सुटसुटीत भाषा

गोफ ही प्रोग्रामिंगची खुली भाषा. कोणीही फुकट घ्यावी, हवी तशी बदलावी. एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर गुप्त करून पाठवायची सोय, तेवढी तिच्यात नव्हती. गोफ सांभाळणाऱ्या मंडळाच्या दर बैठकीत शर्वाणी गुंजाळ ती सोय मागायची आणि अध्यक्ष अच्युतराव खांबेटे दर बैठकीत तेच पुराण लावायचे, "भाषा सुटसुटीत हवी! ज्याला एन्क्रिप्शन हवं, तो आमच्या ऑनलाइन भांडारातून गोफनेच उतरवून घेईल."

ऐकून ऐकून शर्वाणीचे कान किटले होते. त्या दिवशी तिने कोरा लॅपटॉपच त्यांच्यापुढे सरकवला. "यावर नुसती गोफ आहे, सर. घ्या उतरवून."

अच्युतरावांनी ऐटीत आज्ञा टाइप केली. पडद्यावर उत्तर आलं, 'भांडार फक्त सुरक्षित जोडणीवर उघडतं. आधी एन्क्रिप्शन बसवा.'

"हा असला नियम कोणत्या शहाण्याने केला?" ते कडाडले.

"तुम्हीच, सर. मागच्या वर्षी," शर्वाणी म्हणाली. "किल्ली घरात ठेवून तुम्ही दार ओढून घेतलंत. आणि तेव्हापासून बाहेर उभ्या असलेल्यांना सांगताय, किल्ली हवी असेल तर आत या!"