कोंडाईचं छप्पर

फार वर्षं झाली, तेव्हा आमच्या हिवरवाडीला सडक नव्हती. बाजाराला जायचं तर तीन कोसांचा उघडा माळ तुडवावा लागे. त्या माळाच्या मध्यावर एकच हिवराचं झाड, आणि झाडाखाली कोंडाईची झोपडी. ती कुठून आली, कुणाची कोण, हे कुणी विचारलं नाही. मी असते तर विचारलं असतं, पण तो काळ माझा नव्हता.

शिमगा झाला की कोंडाई तीन रांजण भरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायची. झरा दीड कोसावर, आणि सगळं पाणी तिच्याच डोक्यावरून. एकदा दोनशे माणसांचं वऱ्हाड पिऊन गेलं, तरी रांजणातलं पाणी बोटभरच उतरलं, असं म्हणतात. उन्हाळाभर सगळा गाव तिला माय म्हणायचा. मृग लागला की वाटसरू खालच्या ओढ्याच्या वाटेनं जायचे, आणि माय माळावर एकटी.

पाण्याचं ती काही घेत नसे. एवढंच, की अक्षय्यतृतीयेनंतर, पाऊस लागायच्या आत, गावातल्या एका घरानं तिची झोपडी शाकारून द्यायची. गावात बावीस घरं, म्हणून एका घराची पाळी बावीस वर्षांनी. तो मोठा मान. एकाच्या पाळीत दुसऱ्यानं गवताची काडीसुद्धा घालायची नाही, अशी रीत.

त्या वर्षी पाळी आली दोन भावांच्या घराची. नाव सांगत नाही. त्यांची पणतवंडं माझ्या दारासमोर राहतात आणि सकाळी विरजण मागायला येतात. तर त्याच पाडव्याला भाऊ वेगळे झालेले, मधे भिंत घातलेली. वैशाख संपत आला तरी गवत गेलं नाही. तेव्हा कोंडाई माळ उतरून पहिल्यांदाच गावात आली.

थोरला म्हणाला, "पाळी घराची असते. जुनं घर धाकट्यानं घेतलं, तर गवतही त्यानंच घालावं."

धाकटा म्हणाला, "पूजेला पाटावर बसायचं तर दादा थोरले. आणि भारे वाहायचे तर मी होय?"

थोरल्याची बायको मनानं बरी होती. तिनं गूळ-पाणी पुढं केलं. "बसा माय, पाणी घ्या."

"पाणी मी देते, बाई," कोंडाई म्हणाली. "मला गवत पाहिजे."

शेजारच्या घरी गवताची अख्खी गंज रचलेली होती. तो गडी मान खाली घालून म्हणाला, "नेलं असतं गं माय. पण पाळी माझी नाही. उद्या दोघं म्हणतील, आमचा मान खाल्ला."

अशी ती बावीस दारं फिरली. शेवटच्या दारातून वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "ऋतू पालटला की तुम्ही पालटता, हे मला ठाऊक होतं. दर साली बघते. पण बाबांनो, अजून तर ऊन आहे."

एवढं बोलून ती माळ चढून गेली. चार दिवसांनी आभाळ फाटलं, ते चार महिने गळत राहिलं. वर जाऊन बघून यावं असं एकालाही वाटलं नाही. पावसात पाण्याची तहान कुणाला असते?

पुन्हा शिमगा आला, ऊन तापलं, तेव्हा गावाला माय आठवली. माणसं माळावर गेली तर झोपडी भुईसपाट आणि कोंडाई नाही. हाड नाही, लुगड्याची चिंधी नाही. तिन्ही रांजण मात्र उघड्यावर उभे. चार महिने त्यांच्यावर धारा कोसळल्या होत्या, तरी आत थेंब नव्हता. तळाला धूळ होती आणि कोळ्यानं जाळं विणलेलं होतं, असं म्हणतात. लोकांनी चाळीस घागरी ओतल्या. पाणी आत पडलं आणि दिसेनासं झालं.

मग ते दोघे भाऊ आले. एकानं दोरीचं टोक धरलं, दुसऱ्यानं गाठ मारली. एकमेकांशी बोलले नाहीत, पण पडलेली झोपडी उभी करून शाकारली. त्यानंतर रांजणात पाणी राहिलं. गार मात्र झालं नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत, हिवराच्या सावलीत असूनही, ते पाणी कोमटच लागतं. मी स्वतः पिऊन पाहिलंय.

आता सडक झाली, पोरं फटफटीवर बाटली लावून जातात. आमच्या घरांवर स्लॅब पडले, माळावर शाकारण्याजोगं गवत उगवत नाही, ते दुसऱ्या तालुक्यातून टेम्पोनं आणावं लागतं. तरी अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी घरटी एक भारा निघतो. पाळी कुणाची, हे विचारायचं नाही. त्या छपरातून अजून एक थेंब गळलेला नाही, आणि खाली कुणी राहत नाही.

गवत चढवायच्या आधी त्या दोन भावांच्या घरातलं एक माणूस रिकाम्या झोपडीत जाऊन उभं राहतं आणि विचारतं, "माय, अजून ऊन आहे ना?"

सगळे हातातलं काम सोडून थांबतात. आतून काही येत नाही. मग आम्ही शाकारायला लागतो.