जांभळा घडा आणि तीन दूत

एका राज्यात जांभळ्या रंगावाचून कशालाच मान नसे. राजा विक्रांतसेनाच्या आजोबांना एका मांत्रिकाने त्या रंगाचा घडा दिला होता. तो कधी रिता होत नसे. रंगारवाडीत रात्रंदिवस कुंड्या उकळत. काही वर्षांनी रंगाऱ्यांना लाल लघवी होई, मग ते झिजत आणि मरत.

रंगारीण भागूबाईचा नवरा तुळाजी आजारी पडला, तेव्हा ती राजवैद्याकडे गेली.

"रंगाऱ्यांना होतंच ते," वैद्य म्हणाला आणि आत निघून गेला.

मग एके सकाळी, जांभळ्या पाण्यानेच न्हाणाऱ्या राजालाही लाल लघवी झाली. लगेच दवंडी पिटली: औषध आणील त्याला मागेल ते मिळेल.

भागूबाई निघाली, पण राजासाठी नव्हे. रानात तिला एक म्हातारी साळुंकी भेटली.

"बाई, देहाच्या कणाकणाच्या दारी दूत असतात," साळुंकी म्हणाली. "बाहेरून हुकूम आला तरच आत 'वाढा' म्हणून सांगायचं, एवढंच त्यांचं काम. हा रंग मूत्राशयात साचतो आणि तिथले दूत पिसाळतात. पहिला हुकमावाचून दारातच ओरडतो. दुसरा ती हाक आत पोचवतो, मग कण वाढत सुटतात, गाठ धरते. तिसरा भिंत फोडून म्हणतो, 'चला, दुसरा मुलूख घेऊ.' तिघांची तोंडं बंद व्हायला हवीत."

"कशाने होतील?"

"मुक्या डोहाचं पाणी, खुंटलेल्या वडाचं पान आणि मांत्रिकाच्या उंबऱ्याची माती."

डोहाने तिचा गाता गळा मागितला, तिने दिला. वडाने तिची तरणी वर्षं मागितली. त्याच्या सावलीतून ती उठली तेव्हा केस पांढरे झाले होते. मांत्रिकाने काहीच मागितलं नाही.

"तुझ्या रंगाने माणसं मेली," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"मरतील, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. या राजाचा आजा म्हणाला, रंगारी पुष्कळ आहेत." मांत्रिकाने माती तिच्या ओंजळीत घातली. "त्याच्या वंशातल्याने आपल्या हाताने घडा फोडला, तरच रंगाचा हा शाप सुटेल."

घरी येऊन तिने काढा केला, तुळाजीला पाजला. लाल धार थांबली, पण त्याचं कण्हणं थांबेना.

"उशीर झाला," आढ्यावरून साळुंकी म्हणाली. "तिसऱ्या दूताची माणसं केव्हाच हाडांत जाऊन वसली."

तुळाजीने ते ऐकलं. "उरलाय का काढा?"

"आहे."

"वाडीतल्यांना दे. राजाला घोटभर ठेव. घडा फोडायला त्याचेच हात लागतील."

तिसऱ्या दिवशी तो गेला.

दरबारात राजाने हात पुढे केला. "आण इकडे."

"आधी घडा, महाराज."

"आजोबांची ठेव आहे ती!"

"मग माझ्या माणसाशेजारी तुमचं सरण रचायला सांगते."

राजाने घडा फोडला, मगच त्याला घोट मिळाला. तो वाचला.

"महाराजांची पुण्याई!" राजवैद्य म्हणाला.

"माग, बाई, काय हवं ते," राजा म्हणाला.

भागूबाईने बराच वेळ विचार केला. मागण्याजोगं त्याच्यापाशी काही नव्हतं. ती वळून चालू लागली.

कुंड्यांखालचे जाळ विझले, रंगाऱ्यांचं मरणं थांबलं, राज्याची घडी बसली. भाटांनी राजाच्या दयेची कवनं रचली. भागूबाईने नवऱ्याची राख नदीत सोडली, घरी आली आणि एकटीपुरती भाकरी थापली.