तोंड फिरवून दिलेलं पाणी

या, बसा. शहरात फुकट काय बघायला मिळतं ते शोधत आलात ना? मग गोष्टही फुकटच ऐका. हा दुतोटी हौद. त्या अंगाला ओतारी आळी, पितळ ओतणाऱ्यांची. या अंगाला आमची साळी आळी, विणकरांची. पाणी कुणालाही मिळतं, पण आपल्या हाताने घ्यायचं नाही. आळीतलं कुणीतरी उठतं, तोंड फिरवून ओंजळीत ओततं आणि म्हणतं, "पी आणि चालता हो." परवा एक पाहुण्या बाई रागावल्या, हा काय उर्मटपणा म्हणाल्या. अहो बाई, इथली रीतच आहे ती. आभार मानलेत तर आणखी ऐकून घ्याल.

असं सांगतात, की फार पूर्वी एका वर्षी पावसाने दगा दिला आणि हौदाची धार करंगळीएवढी झाली; एका आळीची तोटी उघडली की दुसरीची आटायची. आधी घागर कुणी लावायची यावरून दोन्ही आळ्या रोज एकमेकींच्या उरावर बसत. अशाच एका भांडणात रखमाजी साळ्याची काठी भिकोबा ओताऱ्याच्या डोक्यात बसली. भिकोबा जागच्या जागी गेला. पंच बसले, चूक दोघांचीही म्हणाले आणि हात झटकून उठले.

भिकोबाची बायको येसू. पदरात एवढीशी मैना. तिने पंचांसमोर हौदाच्या काठावर हात आपटून बांगड्या फोडल्या आणि शपथ घेतली, "जीव गेला तरी साळ्याच्या हातचं पाणी पिणार नाही. आणि या मेल्यांनाही पिऊ देणार नाही!"

नुसतं बोलून गप्प बसणारी बाई नव्हती ती. भर दुपारी हौदावर चिटपाखरू नाही असं बघून तिने नवऱ्याची भट्टी पेटवली, पितळ वितळवलं आणि तो रस साळ्यांच्या तोटीत ओतला. तोटी बुजली. येसूला वाटलं, आता मरा तडफडून.

पण दोन्ही तोट्यांच्या मागे एकच नळ, तोही भाजक्या मातीचा. मातीच्या साच्यात रस ओतायचा तर साचा आधी तापवून घ्यावा लागतो, नाहीतर तडकतो, हे ओताऱ्याचं शेंबडं पोरही सांगेल. जन्म भट्टीपुढे गेलेल्या येसूला रागापुढे ते आठवलं नाही. नळ आतपर्यंत तडकला आणि हौदाचं पाणी जमिनीत जिरलं.

आता बघा तिची कशी जिरली! आमची आळी उताराला. पाणी वर निघालं ते नेमकं रखमाजीच्या घरात, माग चालवताना विणकर पाय सोडून बसतो त्या खड्ड्यात. ताणा भिजला, माग कुजला, हातातलं काम बुडालं. रखमाजी येसूच्या नावाने बोटं मोडत राहिला आणि साळी आळी त्याच्या घरून घागरी भरत राहिली. ओतारी आळी मात्र कोरडी ठाक.

अशात मैना तापाने फणफणली. पोरीची जीभ टाळ्याला चिकटली आणि अख्ख्या आळीत तिला पाजायला घोटभर पाणी नाही. येसू उंबऱ्यात बसून राहिली. रखमाजीकडे जावं तर मेलेल्या नवऱ्याशी बेइमानी, न जावं तर पोर जाते. शेवटी तिने मैनेला खांद्यावर टाकलं आणि सगळ्यांच्या देखत साळी आळीत उतरली.

रखमाजीच्या दारात उभी राहून म्हणाली, "पोरीला पाणी दे. मला नको."

"तुझ्यापायी माझा माग बुडाला."

"तुझ्यापायी माझा नवरा गेला."

रखमाजी आत गेला, तांब्या भरून आणला. पण आपण ज्याला मारलं त्याची पोर घटाघटा पिताना त्याला बघवेना म्हणे. त्याने तोंड फिरवलं, तसंच पाणी ओतलं आणि खेकसला, "पाजून झालं की चालती हो."

"उपकार मानणार नाही मी."

"मागितलेत कुणी?"

मैना जगली. पुढे पाऊस झाला, नळ दुरुस्त झाला. हौद वाहता झाला त्या दिवशी येसूने सगळ्यांसमोर रखमाजीच्या ओंजळीत तोंड फिरवून पाणी ओतलं आणि त्याला चालता हो म्हणाली. फिटंफाट! तिथून ही रीत पडली. वैर मात्र तसूभर हललं नाही. तो दिसला की येसू थुंकायची, आणि साळ्याच्या हातचा थेंबही तिने कधी घेतला नाही.

म्हातारपणी येसू अंथरुणाला खिळली. शेवट जवळ आला तेव्हा मैनेने गंगेच्या पाण्याचा चमचा पुढे केला, तर म्हातारीने दात घट्ट मिटले. "रखमाजीला बोलाव," म्हणाली. रखमाजी काठी टेकत आला, घरचा तांब्या घेऊन. सवयीने तोंड फिरवून तो ओतणार, तेवढ्यात येसू म्हणाली, "इकडे बघ. माझ्याकडे बघून पाज."

त्याने बघितलं. बघता बघता अर्धं पाणी उशीवर सांडलं. उरलेलं ती प्याली आणि गेली. तिने त्याला माफ केलं, असं आम्ही साळी सांगतो. ओतारी म्हणतात, कसलं माफ? त्याला डोळ्यांत बघायला लावून सूड उगवला तिने. आता त्यावरूनही भांडणं आहेत.

घरोघरी नळ आले. दोन आळ्यांत सोयरीक नाही, जेवणाचं आवतण नाही. पण आजही कुणाचा शेवट आला, की तोंडात घालायचं पाणी समोरच्या आळीतून येतं, आणि पाजणारा तोंड फिरवत नाही. आमच्या थोरल्या भावाला मुरलीधर ओताऱ्याने पाजलं. दोघं जन्मभर एका भिंतीपायी कोर्टात भांडले. पाजताना मुरलीधर ढसाढसा रडला. आणि तेरावा होतो न होतो तोच बेट्याने आमच्यावर नवा दावा ठोकला.