घंटेचा दोर

नायलॉनचे दोर कुणी पाहिलेही नव्हते, तेव्हाची गोष्ट. किनाऱ्यावरच्या चर्चच्या मनोऱ्यात एक घंटा होती आणि तिला बांधलेला काथ्याचा जुना, झिजलेला दोर.

एका दुपारी वादळात समोरच्या खडकावर होडी फुटली. घंटा वाजवणारा म्हातारा पास्कू धापा टाकत वर आला. "गावातले सगळे दोर होड्यांवर गेलेत, माफ कर गं," घंटेला म्हणत तो दोराच्या गाठीशी झटू लागला. गाठ काही सुटेना.

घंटा कळवळली. "जाऊ नकोस रे. तू कुजत आलायस, तुटशील. मग मी मुकीच की!"

दोर म्हणाला, "जन्मभर आपण या माणसांना बोलावलं. आज ती बोलावताहेत." आणि त्याने आपली गाठ आपणच सैल सोडली.

घंटेने वरून सगळं पाहिलं. दोराला धरून पाचजण किनाऱ्याला लागले. सहाव्याचे पाय वाळूला टेकले, तोच दोर तुटला आणि लाटेबरोबर गेला.

रविवारी पास्कूने नवा दोर बांधून ओढला. आवाज ऐकून लोक म्हणाले, "घंटा चिरली वाटतं."

वाचलेल्या सहाजणांनी तेवढ्या समुद्राकडे तोंड करून टोप्या काढल्या.