यंत्राने नाकारलेली चांगुणाबाई

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई! तुम्ही चांगुणाबाई नाही, म्हणजे नाही!"

"मग परवा तुला सुरमई कापून दिली, ती काय माझ्या भुतानं?" चांगुणाबाई कडाडली, आणि अख्खा मासळीबाजार खिदळला.

बाजार निरीक्षक तळेकर लालबुंद झाले. ओट्याचा परवाना आता ऑनलाइनच मिळणार, आणि त्याआधी यंत्रावर अंगठ्याचा ठसा जुळायला हवा, असा नवा नियम आला होता. चाळीस वर्षं मासळी आणि मीठ हाताळून चांगुणाबाईच्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या. यंत्रानं पाचव्यांदा सांगितलं, 'ओळख पटली नाही.'

"मी ओळखतो हो तुम्हाला, पण माझ्या ओळखीला कोण विचारतो? यंत्र सांगेल तेच खरं," म्हणत साहेबांनी ऐटीत पिशवीतून नोटीस काढली. "परवाना नाही, तेव्हा आजच ओटा खाली करा. ही घ्या, आणि मिळाल्याची सही करा."

त्या सहीशिवाय साहेबांना ओट्याला हात लावता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं हात पदराला पुसले, पण कागद काही घेतला नाही.

"कुणाच्या नावाची आहे?"

"चांगुणाबाई खोपटकर. त्यांच्याच हातात द्यायची, असा नियम आहे."

चांगुणाबाईनं शांतपणे कोयता उचलून पुढची सुरमई फळीवर घेतली.

"मग नियम मोडू नकोस, साहेबा. ती चांगुणाबाई सापडली की तिच्याच हातात दे, आणि तोवर तिचा ओटा मी सांभाळते!"