चाकाखालचं लिंबू

“आणि अक्का, पंधराऐवजी सतरा इंची रिम घेतली तर?”

अक्का पायरीवर बसून सुपातले तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला.

“घे.”

“पण मग टायर महाग पडतात. चांगलं रबर परवडत नाही.”

“मग नको घेऊ.”

शौनक आल्यापासून हे असंच चाललं होतं.

अक्का म्हणजे रुक्मिणी चौगुले. एके काळी घाटातल्या मोटार शर्यतींत भल्याभल्यांच्या पुढे गाडी काढणारी बाई. आता गुडघे नीट वाकत नव्हते. आजऱ्याच्या पुढे, उतारावरच्या घरात त्या एकट्या राहायच्या आणि ज्याच्यावर जीव जडेल त्याला गाडी शिकवायच्या. शौनक दोन वर्षं त्यांच्याकडे येत होता. त्यांच्या सगळ्या शिष्यांत आपण सरस, असं त्याला वाटायचं. ते अगदीच खोटं नव्हतं... भैरोबाच्या वळणापर्यंत.

माळावरच्या ट्रॅकवर महिन्यातून एक रविवार हौशी लोकांना आपापल्या गाड्या पळवायला मिळायच्या. दिवाळीआधीच्या रविवारी तिथल्या भैरोबाच्या वळणावर शौनकची लाल, दोन सीटची गाडी गरगर फिरली आणि उलट्या तोंडानं गवतात जाऊन थांबली. गाडीला ओरखडा नाही. शौनकला खरचटलंसुद्धा नाही.

“टायर गुळगुळीत झालेत,” तो सगळ्यांना म्हणाला. “बदलायला हवेत.”

ते खरंच होतं. तेव्हापासून तो टायर निवडत होता. गाडी पुन्हा माळावर गेली नव्हती.

आता वैशाख संपत आला होता. येता रविवार शेवटचा. मग पावसाळाभर ट्रॅक बंद. त्यातच गडहिंग्लजच्या एकानं गाडी विकत मागितली होती आणि शौनकनं त्याला अजून ‘नाही’ म्हटलं नव्हतं. या रविवारी गेलो नाही, तर आपण पुन्हा कधीच जाणार नाही, हे त्याला आतून कळत होतं. म्हणून तर तो आला होता.

“दोनच रस्ते आहेत,” तो पुन्हा सांगू लागला. “एक तर कुणीतरी वापरलेल्या हलक्या रिम घ्यायच्या आणि त्यांवर साधे टायर चढवायचे. नाहीतर आहेत त्याच जड रिमवर चिकट रबराचे टायर घ्यायचे. दोन्ही एकदम खिशात बसत नाही.”

“चिकट बरे.”

“पण ते लवकर झिजतात.”

“झिजायलाच असतात.”

“आणि पहिल्या फेरीत थंड असतात. थंड असताना घसरतात.”

“माझे गुडघे पण,” अक्का म्हणाल्या.

शौनकला हसू आलं नाही. “एक जण म्हणतो, दुसऱ्यानं वापरून काढलेले चिकट टायर घे. स्वस्तात मिळतात. पण ते किती वेळा तापलेत, किती वेळा गार झालेत, कुणाला ठाऊक?”

“लेका, टायर बघतोयस का बायको?”

“तुम्ही चेष्टा करताय.”

“मग काय करू? सात महिने झाले ऐकतीय.” अक्कांनी सूप हलवलं. तांदूळ सरसर वाजले. “हे निवडून झालं की काय करायचं असतं?”

“...शिजवायचं.”

“कळतं की तुला.”

शौनकनं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. प्रत्येक टायरचं वजन, प्रत्येक रिमची रुंदी त्याला तोंडपाठ होती आणि त्या सगळ्याचा आता वीट आला होता.

“दमलो, अक्का.”

“दिसतंय.” अक्काही दमलेल्याच होत्या. पोरं बदलत, प्रश्न तोच असे.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, भिंतीला धरून उठल्या आणि फाटकाबाहेर शौनकच्या गाडीपाशी गेल्या. दार उघडलं. दाराच्या कप्प्यात हात घालून त्यांनी काहीतरी बाहेर काढलं.

चार लिंबं. तपकिरी, सुरकुतलेली, दगडासारखी टणक.

“ही काय रे?”

शौनक ओशाळला. “आईनं दिली होती. नवीन चाकं बसवलीस की एकेकाखाली एकेक ठेव, मग गाडी पुढे घे, म्हणाली. दृष्ट लागू नये म्हणून.”

“कधी दिली?”

“दिवाळीच्या पुढेमागे.”

अक्कांनी एक लिंबू दुसऱ्यावर आपटलं. टक् असा आवाज झाला.

“बस गाडीत.”

“कुठे जायचंय?”

“कुठं न्हाई. इंजिन लावू नको. समोर बघ. आरसे मिटव.”

गाडी खाली जाणाऱ्या कच्च्या वाटेवर उभी होती. शौनक आत बसला. अक्का गाडीमागून कुठेतरी गेल्या, चपलांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

“सोड ब्रेक.”

गाडी आपसूक उताराला लागली.

“अक्का, हलक्या रिमचा खरा फायदा काय, तर वळताना—”

“थांब. गेलं.”

“काय गेलं?”

“लिंबू. कुठल्या चाकाखालनं गेलं?”

शौनकला काही जाणवलंच नव्हतं.

“पुन्हा,” अक्का म्हणाल्या.

या वेळी तो बोलला नाही. स्टिअरिंग घट्ट धरून बसला. गाडी हातभर सरकली आणि बारीकसा धक्का बसला.

“पुढचं उजवं!”

“मागचं.”

“पण उजवं होतं ना?”

“वळणावर अर्धं बरोबर चालतं काय?”

शौनकचे कान तापले. भैरोबाचं वळण... तिथे गाडी फिरायच्या आधी काय झालं होतं? त्याला आठवेना. पुढची गाडी किती लांब आहे, एवढंच तो बघत होता.

त्यानं बूट काढून शेजारच्या सीटवर टाकले. स्टिअरिंगवर नुसती बोटं ठेवली.

“सोड.”

खडी चाकाखाली करकरली. मग कमरेला, डावीकडून, कुणीतरी बोटानं हळूच टोचावं तसं काहीतरी झालं.

“मागचं डावं.”

अक्कांनी ‘हं’ केलं. चपला वाजल्या. थांबल्या.

“सोड.”

गाडी निघाली. शौनकनं श्वास रोखला. तळव्यांना वाळू कळत होती. पुढच्या डाव्या चाकाखाली काहीतरी कडकन मोडलं... गुलमोहराची शेंग. लिंबू नव्हे. एक खड्डा आला. पुढची चाकं उतरली, चढली. मागची उतरली, चढली. गाडी वाटेच्या टोकाला पोचली. त्यानं ब्रेक ओढला.

“कुठलं?”

चारातलं एक नाव घेतलं तर कदाचित बरोबरही ठरलं असतं. नाही घेतलं, तर आपण काहीच शिकलो नाही असं अक्का म्हणतील...

“बोल की.”

“नव्हतंच.”

“नक्की?”

एरवी त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला दहा कारणं असायची. आता एकही नव्हतं.

“नव्हतं, अक्का.”

अक्का लंगडत खिडकीपाशी आल्या. त्यांनी मूठ उघडली. चौथं लिंबू तिच्यात होतं.

शौनक हसला. कितीतरी महिन्यांनी. अनवाणीच खाली उतरला आणि आपल्या गुळगुळीत, जुन्या टायरवरून त्यानं हात फिरवला. मग त्याचा चेहरा पुन्हा पडला.

“पण यांवर रविवारी जाता येणार नाही.”

“न्हाईच. मरशील.”

“म्हणजे घ्यावे लागणारच.”

“लागणारच.”

“मग... कुठले?”

अक्कांनी ते सुकलेलं लिंबू शेजारच्या शेतात भिरकावलं. उतार चढून त्या फाटकापाशी गेल्या. कुंपणाला त्यांचंच लिंबाचं झाड होतं. त्यांनी टाचा उंचावल्या, कळ आली तशा थांबल्या, पुन्हा उंचावल्या आणि एक पिवळंधमक लिंबू तोडलं. देठाला अजून पान होतं.

मागोमाग आलेल्या शौनकच्या तळहातावर त्यांनी ते ठेवलं. मग पायरीवर बसल्या आणि सूप मांडीवर घेतलं.

“अक्का... कुठले घेऊ?”

अक्कांनी वर बघितलं नाही.

“हे सुकायच्या आत मिळतील ते.”