शून्य पिशव्या

"पण बुवा, सर्व्हर त्यांचा पडला. यात माझी चूक कशी?"

अभिरामने अजून खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. डोळे जागरणाने तांबारलेले, सदरा अंगाला चिकटलेला.

मठाच्या ओसरीत हिंमतगीर बुवा बसले होते. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. शब्द आतच राहिला.

अभिरामला थांबवेना. साहेबांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना त्याने हीच कैफियत ऐकवली होती. आता ती तोंड उघडलं की आपसूक सुटायची.

रक्तपेढ्यांचं ॲप त्याच्या हातचं. कुणी रक्तगट टाकला की त्याचा प्रोग्रॅम पेढीच्या सर्व्हरला विचारणार, किती पिशव्या आहेत? तिकडून आकडा येणार, तो पडद्यावर दिसणार. पण तो सर्व्हर म्हणजे म्हातारा बैल. भर रस्त्यात बसकण मारायचा. मग आकड्याऐवजी एरर, पडद्यावर लाल अक्षरं, आणि लोकांचे फोनवर फोन. साहेब वैतागले. तेव्हा अभिरामने तोड काढली. एरर आली की सरळ शून्य दाखवायचं! लाल अक्षरं गेली, फोन थांबले, साहेबांनी पाठ थोपटली.

रविवारी एका बाळंतिणीच्या भावाने ते शून्य पाहिलं. रक्त गल्लीपलीकडच्या पेढीत होतं, आणि हा बहिणीला गाडीत घालून दुसऱ्या शहराच्या वाटेला लागला. ती अजून शुद्धीवर आली नव्हती.

"तो भाऊ किराणावाला आहे, बुवा. फोनवर म्हणाला, 'साहेब, दुकान बंद होतं तर बंद म्हणायचं. माल संपला कशाला म्हणालात?'… अहो, मी एरर हँडल केली होती! माझा प्रोग्रॅम एकदाही कोलमडला नाही. सांगा ना, चूक माझी?"

बुवांनी हात वर केला. ओठ हलले. पुन्हा उबळ.

"एवढंच सांगा. हो की नाही?"

पुन्हा उबळ. बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं, मान गुडघ्यांकडे गेली.

अभिराम दमला होता, आणि दमलेल्या माणसाला दम धरवत नाही.

"राहू द्या." तो वळला. "तुमच्याकडेही उत्तर नाही. समजलं मला."

पायरीपर्यंत पोचला असेल नसेल, मागे बुवांचा चिमटा फरशीवर खणकन आपटला.

बुवांनी तांब्यातून घोटभर पाणी घेतलं. श्वास जागेवर आला.

"काय समजलं?"

"हेच… की तुमच्याकडे उत्तर नाही."

"असं मी म्हणालो?"

"नाही… तुम्ही तर खोकत होतात."

बुवांनी तांब्या खाली ठेवला.

…

अभिराम पायरीवर खाली बसला. त्याने बॅग उघडली, लॅपटॉप मांडीवर घेतला. ते शून्य अजून चालूच होतं. साहेबांनी निक्षून सांगितलं होतं, हात लावू नकोस. या घटकेलाही ते कुणाला तरी दिसत असेल.

त्याने ती ओळ खोडली. बोटं तिथेच अडली.

"इथे काय लिहू, बुवा?"

"एरर येते तेव्हा तुला काय ठाऊक असतं?"

"तेव्हा?… काहीच नाही."

"मग अडलंय कुठे?"

अभिरामने हळूहळू लिहिलं, 'पेढीकडून उत्तर आलेलं नाही. रक्त आहे की नाही, आम्हाला माहीत नाही. पेढीत फोन करून विचारा.' खाली पेढीचा नंबर टाकला. सुधारलेला प्रोग्रॅम चालू केला. मग त्याचे खांदे पडले.

"साहेब मला हाकलतील, बुवा. आणि लोक म्हणतील, यांनाच काही माहीत नाही, तर यांच्याकडे यायचं कशाला?"

बुवांनी घोंगडी खांद्यावर ओढून घेतली.

"मी तरी दुसरं काय सांगतो, बाबा?… तरी येतात माणसं."